काळ्या डबीचा ताप

माझ्या खिडकीच्या फळीवर एक काळी डबी असते. आकाराने आगपेटीहून जरा मोठी, हातात घेतली तर अंदाजापेक्षा जड, आणि एका अंगाला चारपाच पितळी जिभल्या बाहेर आलेल्या. येणारा-जाणारा विचारतो, "आजोबा, हे काय हो?" मी म्हणतो, "ही सुईबाईच्या मोटरसायकलची डबी. हिला रोज ताप यायचा." एवढं ऐकलं की माणूस टेकतो, आणि टेकला की फसतो, कारण मला कुठलीच गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही. आमचे मास्तर चौथीत म्हणायचे, "याला नदीबद्दल विचारलं तर हा ढगापासून सुरू करतो." मास्तर गेले, सवय राहिली.

तर सुईबाई. खरं नाव कागदावर काही असेल ते असेल, पण वरच्या वस्तीतली पोरं तिची गाडी दिसली की "सुईबाई आली!" म्हणून घरात पळायची आणि म्हातारी माणसं घरातून बाहेर यायची. खालच्या दवाखान्यात ती परिचारिका. रोज सकाळी दवाखान्यातून औषधं घ्यायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची, ती पेटी गाडीच्या मागे पट्ट्याने आवळायची आणि चढाच्या रस्त्याने वर पंधरा घरं करायची. कुणाला सुई, कुणाची मलमपट्टी, कुणाचं नुसतं ब्लडप्रेशर. गाडी लहानशी, शंभर सीसीची, जुनी, कुणा दूधवाल्याकडून घेतलेली. दूधवाल्याच्या कॅनांचे पोचे दोन्ही बाजूंना तसेच होते. बाईमाणसाने स्कूटर घ्यावी, मोटरसायकल कशाला, असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, "चढाला विचारा."

वय पन्नाशीच्या अलीकडचं. बोलणं मोजकं, गोळ्या मोजून दिल्यासारखं. तिच्याबद्दल मला जे कळलं ते तुकड्यातुकड्याने कळलं. भावंडांत ती थोरली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा भावंडांनी ठरवलं, ताई नर्सच आहे, आईला तिच्याइतकं कोण बघणार? बघता बघता अकरा वर्षं गेली. भावंडांची लग्नं झाली, घरं झाली, त्यांची पोरं कॉलेजात गेली. ताई आईच्या खाटेजवळ. आई गेली त्यानंतर दोन महिन्यांनी तिने मोटरसायकल घेतली आणि दवाखान्यात जाऊन सांगितलं, "वरची घरं मला द्या." तोवर ती फेरी कुणालाच नको असायची.

आता माझं घर. चढ जिथे संपत येतो आणि रस्ता डावीकडे वळतो, तिथे. समोर झाड, झाडाखाली सावली, सावलीत माझी खुर्ची. घरची मंडळी सकाळी आपापल्या कामाला पांगली की दिवसभर मी आणि खुर्ची. दोघांनाही चार पाय, असं माझा धाकटा जावई म्हणतो, कारण मी दोन काठ्या वापरतो. जावयाला हसावं लागतं. हसतो.

एक दिवस साडेदहाच्या सुमाराला सुईबाईची गाडी चढ चढत आली, माझ्या समोर एकदा खोकली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. तिने किक मारली. पुन्हा मारली. टाकी हलवून पेट्रोल बघितलं. कळ बघितली. काही नाही. मी पाण्याचा तांब्या दिला. ती उभ्यानेच प्याली. वीसेक मिनिटं झाली असतील. मी तिला आमच्या चुलत्याने विहिरीत पडलेली बादली काढायला दुसरी बादली कशी सोडली ते सांगत होतो. ती उठली, सहज किक मारली, आणि गाडी पहिल्या किकला चालू! जसं काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तीच जागा, दहा पावलं इकडे नाही की दहा पावलं तिकडे. तिसऱ्या दिवशीही. ज्या दिवशी आभाळ असायचं त्या दिवशी गाडी सुखरूप पार व्हायची, ऊन असलं की माझ्या दारात नाक घासायची. दुसऱ्या आठवड्यात मी आतून दुसरी खुर्ची आणून झाडाखाली ठेवली. म्हटलं, रोज उभी कशाला राहतेस? ती संकोचली, मग बसायला लागली.

खोटं कशाला बोलू? गाडीचा आवाज चढाला लागला की मी कान टवकारायचो. आणि ती खोकली की मला बरं वाटायचं. दुसऱ्याचं नुकसान आणि आपली करमणूक, ही काही भल्या माणसाची गोष्ट नव्हे, पण दिवस मोठा असतो हो.

गाडी दुरुस्त करणारा खाली चौकात, त्याला सगळे ठोक्या म्हणतात. कुठलंही यंत्र आणा, तो आधी त्याला हातोडीने दोन टोले देतो, मग विचारतो काय झालंय. हात तसा वाईट नाही त्याचा. पण सुईबाई गाडी घेऊन त्याच्याकडे जायची तेव्हा गाडी गार झालेली असायची. तो चौकाला दोन चकरा मारून यायचा आणि सांगायचा, "बाई, गाडी ठणठणीत आहे. तुम्हालाच बघून रुसते."

"वर चढावर बंद पडते. रोज."

"मग चढावर दुरुस्त करून घ्या." आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचा.

मी तिला म्हटलं, "हे तर पोराच्या तापासारखं झालं. घरी फणफणतो आणि डॉक्टर दिसला की खेळायला लागतो." तिच्या कपाळावर आठी आली. तिची ती आठी मला पुढे ओळखीची झाली. काहीतरी डोक्यात शिरलं की यायची.

दुसऱ्या दिवशी ती तयारीने आली. गाडी बंद पडल्याबरोबर पान्याने प्लग काढला, वायरच्या टोपणात बसवला, इंजिनाला टेकवून धरला आणि मला म्हणाली, "आजोबा, तुमची टोपी काढा आणि याच्यावर सावली धरा. उन्हात ठिणगी दिसत नाही." मी टोपीचा आडोसा केला. तिने हाताने किक दाबली. आम्ही दोघांनी डोळे फाडून बघितलं. ठिणगी नाही.

"म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नाही," ती म्हणाली. "वीज येत नाही. विजेचा कुठला तरी भाग तापला की काम सोडतो, गार झाला की पुन्हा धरतो."

"कुठला?"

"तेच तर."

टाकीखाली एक कॉईल असते, प्लगला वीज पाठवणारी. ती तिला माहीत होती. बर्फाच्या पेटीतल्या बर्फाला तिने हात लावला नाही. ती औषधं त्या बर्फावर जगतात, म्हणाली. पुढच्या दिवशी टॉवेलात गुंडाळून एक बर्फाची पिशवी वेगळी आणली. गाडी बंद पडली तशी टाकीखाली हात घालून पिशवी कॉईलवर दाबून बसली, अगदी आजारी माणसाच्या कपाळावर पट्टी धरून बसावं तशी. मधूनमधून पिशवी फिरवायची. मी तिला माझ्या आतेभावाच्या लग्नात मंडपाचा खांब कसा निघाला ते सांगत होतो. खांबाची गोष्ट संपली, तिने किक मारली, गाडी चालू.

"सापडलं!" ती म्हणाली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत. हसायची सवय मोडली की माणूस तोंडावर हात ठेवतो, तसा तिने ठेवला.

ठोक्याने नवी कॉईल घातली. दुसऱ्या दिवशी गाडी चढ चढली, माझ्या दारात आली, खोकली आणि बंद.

आमच्याकडे म्हणतात ना, दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला.

मग आला तो बुधवार. गाडी बंद पडली, ती उतरली, पण खुर्चीत बसली नाही. गाडीला टेकून उभी राहिली.

"बस की, बाई."

"नको, आजोबा. त्या खुर्चीपायीच झालंय."

काय झालं ते मी ओढून ओढून काढलं. वस्तीच्या टोकाला एक म्हातारी राहते, साखरेच्या आजाराची. तिला सुई दिल्याशिवाय जेवता येत नाही. बाई पोहोचेपर्यंत म्हातारी ताट झाकून दाराकडे बघत बसायची. सहा आठवडे रोज वीस-पंचवीस मिनिटं उशीर. परवा भुकेने म्हातारीला घेरी आली, उंबऱ्याशी बसली ती बसलीच. तिचा मुलगा दवाखान्यात जाऊन भांडला. मोठ्या डॉक्टरांनी सुईबाईला बोलावलं. ती म्हणाली, गाडी बंद पडते. डॉक्टरांनी ठोक्याला विचारलं. ठोक्या म्हणाला, गाडीत काही दोष नाही, दहा वेळा बघितली. वर आणखी कुणीतरी सांगितलं होतं, बाई रोज वळणावर झाडाखाली बसलेली असते, म्हाताऱ्याशी गप्पा मारत. खुर्च्यासुद्धा मांडलेल्या आहेत, एक नाही, दोन.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, 'बाई, गाडी बंद पडू शकते. पण रोज एकाच जागी? आणि नेमकी सावलीत, पाण्याच्या तांब्याजवळ?'" ती रस्त्याकडे बघत होती. "सोमवारपासून वरची घरं नवा कंपाउंडर करणार. मी आत बसायचं. वही लिहायची, कपाटाच्या किल्ल्या सांभाळायच्या."

"मग बरंच की, ऊन नाही, चढ नाही..." मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

ती म्हणाली, "आजोबा, दिवसभरात माझ्याशी जी माणसं बोलतात ना, ती सगळी वरच्या घरांत आहेत. खोलीवर गेल्यावर मी उद्या दारात 'या, बाई' म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते ठरवत बसते. अकरा वर्षं मी एकाच माणसाशी बोलले. आता पंधरा घरं आहेत, तर..." पुढचं तिने गिळलं.

मी ओशाळलो. ज्या खुर्चीने मी तिचं भलं करायला गेलो तिनेच तिचा घात केला होता. आणि मला असं काही झालं की काय करावं कळत नाही, मग मी गोष्ट सांगतो. म्हणून मी तिला आमच्या मामाची सांगायला लागलो.

आमच्या मामाला वर्षातून एकदा भयंकर सर्दी व्हायची. सगळ्या वाडीभर शिंका ऐकू जायच्या, म्हशी दावं तोडायच्या. एकदा त्याने एका वैद्याकडून काढा आणला. कडू जहर. सात दिवस नाक दाबून प्याला आणि सर्दी गेली. मामा खूश. वैद्याला जोडे शिवून दिले, गावभर कौतुक केलं. पुढच्या वर्षी सर्दी झाली तेव्हा वैद्य परगावी. मामा काढ्याशिवाय पडून राहिला. आणि आठवड्याने बरा झाला! मामी म्हणाली, अहो, काढा घेतला तर सर्दी सात दिवसांत जाते, नाही घेतला तर आठवडा लागतो...

"थांबा," सुईबाई म्हणाली.

"अजून खरी गंमत पुढेच आहे. मामा जोडे परत मागायला..."

"आजोबा, थांबा." आठी आली होती कपाळावर. "पट्टी ठेवली तेव्हा किती वेळ लागला होता? कॉईलवर बर्फ धरला त्या दिवशी?"

"मी मंडपाचा खांब सांगत होतो. खांबाला वीस-बावीस मिनिटं लागतात."

"आणि बर्फ न ठेवता?"

"विहिरीतली बादली. तीही वीस मिनिटांचीच आहे."

तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "पट्टी ठेवायची, ताप उतरेपर्यंत बसायचं. आयुष्यभर तेच केलं. ताप पट्टीने उतरला की आपोआप, हे बघायला पट्टी न ठेवता कोण बसतं? माणसाच्या बाबतीत तसं बसवत नाही. पण हे माणूस नाही ना!" तिने पिशवीतून तापाचा तक्ता काढला, तोच तो चौकटींचा कागद, रोग्याच्या खाटेला लावतात तो. वर रोग्याचं नाव लिहायच्या जागी तिने गाडीचा नंबर लिहिला. छातीला उलटं टाचलेलं घड्याळ बघितलं आणि आजची वेळ लिहिली. नर्स आणि सहा आठवडे तक्त्याशिवाय! तिला त्याचीच जास्त लाज वाटली.

गुरुवारी गाडी बंद पडली. काहीही करायचं नाही असं ठरलं. दर दोन मिनिटांनी किक. मलाही बोलायची बंदी, कारण माझ्या गोष्टींनी वेळेचा अंदाज चुकतो. वीस मिनिटांनी चालू झाली. तक्त्यात वीस.

शुक्रवारी बर्फ नव्या कॉईलवर. एकोणीस मिनिटं. म्हणजे कॉईल बिचारी निर्दोष. जुनीही निर्दोषच होती.

शनिवारी तिने डाव्या अंगाचं झाकण काढलं. आत तारांचा गुंता, आणि गुंत्यामागे रबराच्या खोळीत बसवलेली ही काळी डबी. ठोक्या तिला शीडीआय म्हणतो. ठिणगी केव्हा पडायची त्याचा हुकूम ती सोडते. ठोक्याला तिने आधी विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "शीडीआय गेली की कायमची जाते. अशी लाडात येऊन चालू-बंद होत नाही." वर्षानुवर्षं इंजिनाची धग घेऊन डबीच्या पाठीवरचा डांबरासारखा थर तडकला होता. सुईबाईने बर्फाची पिशवी आधी प्लॅस्टिकमध्ये घातली, पाणी तारांवर जाऊ नये म्हणून, आणि डबीवर धरली.

दोन मिनिटं. किक. नाही.

चार मिनिटं. किक.

गाडी चालू झाली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मी ओरडणार होतो, पण ती घड्याळ बघून तक्त्यात चार लिहीत होती, म्हणून थांबलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. रोज ज्या सीटवर ती बसत होती, तिच्या मांडीखाली वीतभर अंतरावर चोर होता.

"आता डबी बदल म्हणजे झालं," मी म्हटलं.

"बदलली तर गाडी चालेल. पण डॉक्टर म्हणतील, दटावल्यावर बाई सुधारली. मला ती सुधारलेली बाई व्हायचं नाही." गाडीवर बसता बसता म्हणाली, "सोमवारी सकाळी तुम्हाला न्यायला येते. साक्षीदार म्हणून."

सोमवारी मी इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही काठ्या बगलेत मारून तिच्या मागे बसलो. मोटरसायकलवर बसून मला वीसेक वर्षं झाली असतील. चढ उतरताना मी सीटचा पट्टा घट्ट धरला होता, पण मजा आली. उतारावर इंजिनाला काही काम नसतं, त्यामुळे गाडीही खुशीत. दवाखान्याआधी ती आपल्या खोलीपाशी थांबली. "एक वस्तू घ्यायची आहे. आत या, बसा."

खोली दवाखान्यामागच्या चाळीत, शेवटची. आत एक खाट. दुसरी खाट घडी करून भिंतीला उभी, तिच्यावर चादर टाकलेली. एक खुर्ची. खुर्चीवर उद्याच्या कपड्यांची घडी, म्हणजे खुर्ची बसायसाठी नव्हती. ओट्यावर एक कप उपडा, एक ताटली उपडी. भिंतीवर कॅलेंडर, त्यात प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरात कुणाला काय द्यायचं ते. मी सगळे महिने उलटून बघितले. तिचं स्वतःचं असं एका चौकटीतही काही नव्हतं. टेकावं कुठे ते न कळून मी उभाच राहिलो.

तिने कपाटाच्या तळातून शेकायची रबरी पिशवी काढली. लाल रंगाची, कडा पांढऱ्या पडलेल्या.

"आईची," ती म्हणाली. "रबर टिकलंय का बघू." उकळतं पाणी भरलं, बूच घट्ट केलं, उलटी करून बघितली. टिकलं होतं.

दवाखान्याच्या आवारात मोठे डॉक्टर आले, नवा कंपाउंडर आला, ठोक्यालाही बोलावून घेतलं होतं. सकाळचा गारवा होता. सुईबाईने गाडी चालू केली, झाकण काढलं आणि गरम पिशवी फडक्यात गुंडाळून काळ्या डबीवर ठेवली.

"हे काय करताय?" डॉक्टर म्हणाले.

"ताप आणतेय, डॉक्टर. तुमच्यासमोर तो येत नाही ना."

एक मिनिट. दोन. गाडी छान चालू. चार. कंपाउंडरने जांभई दिली. पाच. ठोक्या म्हणाला, "बाई, जरा चहासुद्धा ठेवा त्याच्यावर." दोघं-चौघं हसले. सहा. मी काठीची मूठ दाबून धरली होती; ज्या देवांचा कधी धावा केला नाही त्या सगळ्यांचा करून झाला. सुईबाई घड्याळाकडे बघत होती, रोग्याची नाडी धरल्यासारखी.

सात मिनिटं झाली आणि गाडी खोकली. एकदा. दोनदा. बंद.

ठोक्या पुढे झाला, त्याने स्वतः किक मारली, पाच-सहा वेळा. प्लग काढून बघितला. मी टोपी काढून सावली धरली. हे काम आता माझ्या हातचं झालं होतं. ठिणगी नाही. मग सुईबाईने गरम पिशवी उचलली, बर्फाची ठेवली, आणि चार मिनिटांनी म्हणाली, "आता मारा." गाडी पहिल्या किकला चालू.

तिने तापाचा तक्ता डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टर वाचत राहिले. रोग्याचं नाव वाचताना ओठांचा कोपरा हलला, पण हसले नाहीत. "माझ्या दारातच का बंद पडायची," मी मध्ये तोंड घातलं, "तर दवाखान्यापासून माझ्या दारापर्यंत वीस मिनिटांचा चढ आहे. डबी तेवढ्यात तापायची. माझं दार दहा मिनिटांवर असतं तर बाई दुसऱ्याच कुणाच्या दारात बसली असती. आणि दुसरी खुर्ची मी ठेवली, तिने मागितली नव्हती."

"बाई, तुम्ही पहिल्यापासून हेच सांगत होता," डॉक्टर हळूच म्हणाले.

"हो."

"चूक माझी. फेरी तुमचीच." कंपाउंडरच्या तोंडावर इतका आनंद मी कुणाच्या लग्नातसुद्धा बघितला नाही.

ठोक्या दुकानात गेला आणि नवी डबी घेऊन आला. जाताना मान खाली होती, येताना नेहमीसारखा. "बाई, मी हातोडीने बघितलं असतं तर सापडलं असतं."

"द्या इकडे. मी लावते."

तिने जुनी डबी रबराच्या खोळीतून ओढली. तारांचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा गठ्ठा, तारा न खेचता, खिटी दाबून सोडवला. आतल्या जिभल्या कोरड्या फडक्याने पुसल्या. नवी डबी बसवली, कपलर दाबला, टक् झालं. सगळं मिळून एका सुईएवढं काम. सगळे आत गेले. ठोक्या गेला. पण ती गेली नाही. गाडी चालू केली, शेकायच्या पिशवीत ताजं उकळतं पाणी भरून आणलं आणि नव्या डबीवर ठेवली.

"आता कशाला?"

"हीही तापून बघायची. वर जाऊन कळायला नको."

वीस मिनिटं आम्ही दोघं रिकाम्या आवारात उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. तो कुठेच अडखळला नाही. खोकण्याची वाट बघत असताना ते येत नाही, हे कळायलाही वेळ लागतो. पिशवी निवली. तिने पाणी ओतून दिलं, पिशवी पुसली, पट्ट्याखाली नीट खोचली. मग मला घरापर्यंत सोडलं. गाडी माझ्या दारात उभी राहिली, चालूच. जुनी डबी माझ्या हातात दिली. "ठेवा. तुमच्या दारात बंद पडायची ती हीच." आणि वर गेली. म्हातारीचं ताट वाट बघत होतं.

त्यानंतर रोज साडेदहाला चढावर आवाज यायचा, वळणावर दोनदा हॉर्न वाजायचा, मी काठी उंच करायचो आणि आवाज वर निघून जायचा. म्हातारी वेळेवर जेवायला लागली असं कळलं. मला आनंदच झाला. आनंद झाला, तरी चौथ्या दिवशी मी दुसरी खुर्ची आत नेऊन ठेवली. बाहेर असली की ती रिकामी दिसायची, आत असली की नुसती खुर्ची. जावयाने विचारलं, "गोष्टी संपल्या का?" त्या दिवशी मी हसलो नाही.

तीन आठवडे झाले असतील. दुपारची वेळ, मी झाडाखाली डुलक्या काढत होतो. वरून गाडीचा आवाज आला, जवळ आला आणि माझ्या दारात थांबला. मी दचकून उठलो. "काय झालं, बाई? नव्या डबीलाही ताप?"

"नाही. गाडी बरी आहे." तिने चावी काढून खिशात टाकली. "घरं वेळेत झाली. दवाखान्यात वही लिहायला अजून अवकाश आहे. खोलीवर जाऊन..." तिने वाक्य तिथेच सोडलं आणि झाडाखाली बघितलं. "माझी खुर्ची कुठे गेली?"

मी काठ्या न घेताच आत गेलो, खुर्ची ओढत आणली. ती बसली, पाणी प्याली, तांब्या खाली ठेवला.

"त्या मामाचं पुढे काय झालं?"

"कुठल्या मामाचं?"

"सर्दीवाल्या. जोडे परत मागायला गेला होता ना."

मी घसा साफ केला. "मामाचं सांगायचं म्हणजे आधी ते जोडे कुठल्या चामड्याचे होते ते सांगायला पाहिजे. आणि तिथे जायचं तर..."

तिने छातीवरचं घड्याळ उलटून बघितलं आणि खुर्चीत मागे रेलली.

"वीस मिनिटं आहेत, आजोबा. ढगापासून सांगा."